मधला भाव

शुक्रवारी सकाळी सव्वादहा वाजता, चपलांच्या दुकानावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात, एका निवृत्त गृहस्थांनी बिल कमी आल्याची तक्रार केली.

काउंटरवरच्या मुलीला बिल जास्त आल्याच्या तक्रारीचं उत्तर पाठ होतं. या तक्रारीचं नव्हतं. तिने बिल पुन्हा वाचलं. अठरा हजार. खाली दवाखान्याच्या दारावरच्या बोर्डावर साडेअठ्ठावीस हजार. गृहस्थांचं म्हणणं असं होतं, की या दोन आकड्यांच्या मध्ये साडेदहा हजारांचं काहीतरी वगळलेलं आहे. ते काय आहे हे कळल्याशिवाय ते संमतीच्या कागदावर नातेवाईक म्हणून सही करणार नाहीत.

त्यांची बायको तेव्हा आतल्या खोलीत, डोक्याला हिरवी टोपी लावून, डाव्या डोळ्यात थेंब घालून बसली होती.

हे गृहस्थ पंपांच्या कारखान्यात खरेदी खात्याचे प्रमुख होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी इमारतीत त्यांना अजून सगळे खरेदीसाहेब म्हणतात. पंपाला लागणारी प्रत्येक वस्तू, बेअरिंगपासून झाडूपर्यंत, तीन जणांकडून भाव मागवून घेतली जाई आणि तिघांतला कोण निवडायचा याचा त्यांचा एकच नियम होता. सगळ्यात स्वस्तात काहीतरी वगळलेलं असतं. सगळ्यात महागात काहीतरी घुसडलेलं असतं. मधला घ्यावा.

हा नियम त्यांना नोकरीच्या सुरुवातीला मिळाला. तेव्हा त्यांनी सगळ्यात कमी भावाची बेअरिंग घेतली होती. ती पंपात बसली, पंप गिऱ्हाइकांकडे गेले आणि महिन्याभरात गिऱ्हाइकांकडून परत आले. कारखान्याच्या आवारात परत आलेल्या पंपांची रांग लागली होती आणि मालकांनी त्यांना त्या रांगेच्या कडेने, पहिल्या पंपापासून शेवटच्या पंपापर्यंत, एकही शब्द न बोलता चालवत नेलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. खरेदीसाहेब त्यानंतर पाणीही फुंकून पीत.

त्यांची बायको घराच्या पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करून देते. पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, कोटाला नवं अस्तर लावणं. खिडकीपाशी मशीन, मशीनच्या उजव्या हाताला रिळांचा डबा, भिंतीवर कोणत्या कामाला किती त्याची पाटी. उजव्या डोळ्याने त्यांना लहानपणापासूनच कमी दिसतं. सगळं काम डाव्यावर. गेल्या वर्षी डाव्यात मोतीबिंदू झाला. आधी सुईत दोरा ओवायला शेजारीण लागू लागली. मग एका बँकेतल्या कारकुनाच्या कोटाचं बटण त्यांनी आतल्या बाजूला लावलं. कारकून कोट घेऊन परत आला आणि फार सभ्यपणे म्हणाला, की बटण उत्तम बसलंय, फक्त ते लावायला त्याला कोटाच्या आत जावं लागेल. त्या दिवशी बाईंनी मशीनवर कापड टाकलं आणि नवऱ्याला सांगितलं, आता ऑपरेशन करून टाकू.

नेमका तेव्हाच सरकारचा नवा नियम आला.

त्यांच्या भागात एकाच रस्त्यावर डोळ्यांचे तीन दवाखाने आहेत. चपलांच्या दुकानावर एक आहे. तिथल्या डॉक्टर साठीच्या पुढच्या आहेत आणि जिना अरुंद आहे. थोडं पुढे लिफ्टवाला दवाखाना. आणि त्या दोघांच्या समोर, रस्त्यापलीकडे, काचेचा; त्याच्या दारात माशांची मोठी टाकी आहे. नियमाआधी भाव विचारला की तिन्हीकडे उत्तर एकच मिळे: आधी डोळा बघू. आणि डोळा बघताना पायातले बूटही बघितले जात. नवा नियम म्हणाला, की भाव दारावर, रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लावायचा, आणि बदलायचा तर फक्त सोमवारी. तिघांनीही पत्र्याचे बोर्ड करून घेतले. आकडे खिळ्यांना अडकवलेले, शिडी लावून बदलता येतील असे.

पहिल्या सोमवारी लागलेले भाव असे होते: चपलांवर अठरा हजार, लिफ्टवाल्याकडे सव्वीस, काचेच्याकडे एक्केचाळीस.

खरेदीसाहेबांना निवृत्तीनंतर इतका आनंद कशानेच झाला नव्हता. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि तिन्हीकडे जाऊन चौकशी केली. भाव जागेवरचा की पोच, असं त्यांनी लिफ्टवाल्या दवाखान्यात विचारलं. तिथल्या मुलीला कळलं नाही, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं, की थेंब, पट्टी आणि काळा चष्मा धरून की वेगळं. काचेच्या दवाखान्यात त्यांनी बसवायच्या लेन्सचा नमुना पाहायला मागितला. तिथल्या व्यवस्थापकाने लेन्सची जन्मभराची हमी आहे असं सांगितलं. कोणाच्या जन्माची, असं खरेदीसाहेबांनी विचारलं. व्यवस्थापक हसला. खरेदीसाहेब उत्तराची वाट पाहत उभे राहिले.

चपलांच्या दुकानावर ते सगळ्यात कमी वेळ थांबले. डॉक्टरांनी स्वतःच दार उघडलं, लेन्स कोणती ते सांगितलं, थेंब-पट्टी धरूनच भाव आहे म्हणाल्या. लेन्स लिफ्टवाल्याकडे होती तीच होती. हे खरेदीसाहेबांना जास्तच संशयास्पद वाटलं. घरी येऊन ते म्हणाले, तीच वस्तू आठ हजारांनी कमी म्हणजे कुठे काय कापलंय ते नुसतं बघून कळण्यासारखंही नाही.

लिफ्टवाल्याकडची तारीख घेतली. ती तीन आठवड्यांनंतरची मिळाली, कारण सगळ्या गावाने बोर्ड वाचले होते आणि सगळ्या गावाने मधला दवाखाना निवडला होता. त्यातले कोणी खरेदी खात्यात नव्हते. दगडापेक्षा वीट मऊ, एवढं कळायला खातं लागत नाही. चपलांवरच्या डॉक्टरांकडे पूर्वी जिन्यावर माणसं बसलेली असायची. आता तिथे दुकानदार रिकामी खोकी ठेवू लागला.

गर्दी पाहून लिफ्टवाल्याने भाव तीस केला. खरेदीसाहेबांनी ते मनाला लावून घेतलं नाही. मागणी वाढली की भाव वाढणारच, आणि तीस झाला तरी तो मधलाच होता.

पुढच्या सोमवारी काचेच्या दवाखान्याने एक्केचाळीस उतरवून एकोणतीस लावला.

खरेदीसाहेब संध्याकाळी फिरून आले. जेवताना त्यांनी सांगितलं, की लिफ्टवाला आता सगळ्यात महाग झाला आहे. मधला आता काचेचा. बाईंनी विचारलं, कालपर्यंत जो डॉक्टर चांगला होता त्याचा हात आज सकाळी बिघडला का? ते म्हणाले, प्रश्न हाताचा नाही, तुलनेचा आहे. लिफ्टवाल्याकडची तारीख रद्द झाली आणि काचेच्याकडची घेतली गेली. ती येण्याच्या आतच एका सोमवारी लिफ्टवाल्याची शिडी लागली आणि भाव अठ्ठावीसवर आला. आता काचेचा सगळ्यात महाग. तीही तारीख रद्द.

एव्हाना दर सोमवारी सकाळी लिफ्टवाल्याचा एक माणूस काचेच्या दवाखान्यासमोर आणि काचेच्या दवाखान्याचा एक माणूस लिफ्टवाल्यासमोर उभा असे. दोघेही वर्तमानपत्र वाचत. पुढे पुढे ते एकाच वर्तमानपत्राची पानं वाटून घेऊ लागले. शेवटी अठ्ठावीस आणि एकोणतीस हे आकडे कायम झाले; फक्त कोणता कोणाकडे हे दर सोमवारी बदले, आणि तसतशा खरेदीसाहेबांच्या तारखा रद्द होत. नियम आला तेव्हा मधला भाव सव्वीस होता, हे कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. अठराचा बोर्ड मात्र पहिल्या दिवसापासून हलला नव्हता.

बाईंचा धाकटा भाऊ टॅक्सी चालवतो. तो आठवड्यातून एकदा बहिणीकडे येतो आणि मेहुण्यांची फिरकी घेतो. त्याने बहिणीसमोरच विचारलं, की भाऊजी, लग्नाच्या वेळी तुम्ही तीन मुली बघितल्या होत्या, ताई मधली होती का? खरेदीसाहेब म्हणाले, बघितल्या दोनच होत्या. तिसरी बघायला वेळ मिळाला नाही. बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "म्हणूनच सुटला नाहीत." मग भाऊ म्हणाला, माझ्या टॅक्सीत बसून कोणी मधला भाव मागत नाही, मीटर जे दाखवतो ते देतात, आणि तरी पोचतात.

त्यावर खरेदीसाहेब जे बोलले ते नेहमीच्या आवाजात बोलले नाहीत. ते म्हणाले, "बेअरिंग परत आली तेव्हा आम्ही दुसरी बसवली. तिच्याकडे दुसरा डोळा नाही."

भावाने नंतर तो विषय त्या दिवसापुरता सोडला.

अडीच महिने गेले होते. बाईंना आता दोऱ्याचा रंग कळत नव्हता. त्या रिळांना वेगवेगळ्या गाठी मारून ठेवत आणि बोटांनी ओळखत. लिफ्टवाल्याकडे डोळा पुन्हा तपासला तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरने मोतीबिंदू फार पिकलाय असं सांगितलं. महिन्याच्या आत केलं तर बारीक छेदातून, यंत्राने होईल. त्यानंतर तो इतका कडक होईल, की मोठं कापून काढावा लागेल आणि टाके घालावे लागतील, आणि मग किती दिसेल ते सांगता येणार नाही. बाईंनी टाके कोण घालणार आणि दोरा कोणता, एवढंच विचारलं. डॉक्टरने दोऱ्याचं नाव सांगितलं. त्यांना तो पसंत पडला नाही.

घरी येताना खरेदीसाहेब म्हणाले, की एका महिन्यात चार सोमवार येतात. एखाद्या सोमवारी तरी भाव नीट लागतील.

दुसऱ्या दिवशी बाईंनी भावाला बोलावलं आणि बाजारात जाते असं सांगून टॅक्सीत बसल्या. भाऊ म्हणाला, बाजार उजवीकडे आहे. त्या म्हणाल्या, चपला घ्यायच्यात.

जिना त्या भिंतीला हात लावत चढल्या. वर चार रिकाम्या खुर्च्या होत्या आणि डॉक्टर खिडकीपाशी बसून स्वतःच्या चष्म्याचा स्क्रू पिळत होत्या. त्यांनी डोळा तपासला. मग म्हणाल्या, लगेच करायला हवं, उद्या या. बाई म्हणाल्या, उद्या येता येणार नाही, नवरा अठरा हजारांवर येऊ देणार नाही. डॉक्टरांना वाटलं, पैशांची अडचण आहे. त्या म्हणाल्या, काही कमी करू.

"कमी नको," बाई म्हणाल्या. "वाढवा."

भावाने हे ऐकलं तेव्हा तो दाराशी टॅक्सीची किल्ली बोटात फिरवत उभा होता. त्याच्या सांगण्यानुसार डॉक्टर काही वेळ नुसत्या बघत राहिल्या, मोतीबिंदू असलेल्या डोळ्याकडे नाही, तर दुसऱ्याकडे.

मग बाईंनी आपल्या पाटीची गोष्ट सांगितली. चेन बदलायचा भाव त्यांनी एकदा सगळ्यांपेक्षा कमी लावला होता. चेनी यायच्या बंद झाल्या. लोक म्हणायचे, बाई जुनीच चेन धुऊन लावते. भाव शेजारच्या शिंप्यापेक्षा थोडा वर नेला, तर शिंप्याकडच्याही चेनी आल्या. काम तेच होतं. हातही तोच होता. "तुम्ही अठ्ठावीस आणि एकोणतीसच्या मध्ये लावा," बाई म्हणाल्या. "एक आठवडा. मग हवं तर उतरवा."

डॉक्टरांचं म्हणणं पडलं, की अठरामध्ये त्यांचं भागतं, वरचे साडेदहा हजार त्या कशाचे घेणार? बाई म्हणाल्या, घेऊ नका, नुसते लावा. डॉक्टर म्हणाल्या, हे खोटं नाही का होणार? भावाने दारातून मत दिलं, की जास्त सांगून कमी घेणं याला अजून कोणी खोटं म्हटलेलं नाही, त्याला सूट म्हणतात. डॉक्टरांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. शिडी आमच्याकडे नाही, त्या म्हणाल्या. शिडी चपलांच्या दुकानात होती.

सोमवारी साडेअठ्ठावीस लागला.

वर्तमानपत्र वाचणाऱ्या दोघांनी तो पाहिला आणि दोघेही आपापल्या दवाखान्याकडे जवळजवळ पळत गेले. पण तोवर त्यांच्या साहेबांनी आपल्या शिड्या आत ठेवून दिल्या होत्या आणि साहेब म्हणाले, ती म्हातारी काय करणार आहे, पुढच्या सोमवारी बघू. बुधवारपर्यंत चपलांच्या दुकानदाराला जिन्यावरची खोकी हलवावी लागली.

खरेदीसाहेब संध्याकाळी फिरून आले आणि त्यांनी टोपी काढायच्या आधी सांगितलं, की चपलांवरच्या डॉक्टर एकंदरीत अनुभवी वाटतात. जिनासुद्धा तसा अरुंद नाही. शिवाय भाव आता त्यांनी वास्तव लावला आहे. आधीचा बहुधा चुकून लागला असावा. बाई म्हणाल्या, तुम्ही म्हणाल तसं. शुक्रवारची तारीख मिळाली.

डॉक्टरांनी बोर्डावर जास्त लावलं, पण घेतलं जुनंच. सगळ्यांकडूनच. एकाकडून अठरा आणि दुसऱ्याकडून साडेअठ्ठावीस घेणं त्यांना जमेना. यातून काय होईल याचा अंदाज शुक्रवारी सकाळी नऊलाच यायला हवा होता. पहिल्या दोन रोग्यांच्या घरच्यांनी बिल पाहिलं आणि चहा पिऊन येतो म्हणाले. त्यातले एकच परत आले.

पुढचा नंबर बाईंचा होता. खरेदीसाहेब साडेअठ्ठावीस हजार मोजून, दोन पाकिटांत घालून घेऊन आले होते. काउंटरवरच्या मुलीने एक पाकीट आणि दुसऱ्यातले थोडे परत केले.

भाऊ त्यांच्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, भाऊजी, साडेदहा हजार वाचले, लोक अशा वेळी नाचतात. खरेदीसाहेब म्हणाले, वाचले ते कशातून वाचले ते कळायला हवं. त्यांनी मुलीला एकेक करून विचारलं. लेन्स तीच आहे का? तीच. थेंब? आहेत. पट्टी? आहे. यंत्र? आहे. डॉक्टर त्याच? त्याच. प्रत्येक उत्तरागणिक त्यांचा चेहरा जास्त काळजीत पडत गेला. काहीच वगळलेलं सापडत नव्हतं, म्हणजे ते फार नीट लपवलेलं होतं.

मुलगी आत जाऊन आली. डॉक्टरांनी हात धुऊन हातमोजे घातले होते, त्यांना बाहेर येता येत नव्हतं. त्यांनी निरोप दिला, की पेशंटने सही केलेली आहे, पण नातेवाइकाची सही लागतेच. दवाखान्याची तशी पद्धत आहे. थेंबांचा असर अकरापर्यंत राहील. तोवर नाही झाली तर पुढच्या रोग्याला घेतील आणि यांना दुसरी तारीख देतील.

दार अर्धवट उघडं राहिलं होतं. आतून बाईंचा आवाज आला. त्यांना डाव्या डोळ्याने आता फक्त उजेड कळत होता, त्यामुळे त्या नवऱ्याच्या जरा बाजूला, पाण्याच्या पिंपाकडे पाहून बोलल्या.

"अहो, तो भाव मी लावायला सांगितला होता."

खरेदीसाहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी विचारलं, कधी? त्या म्हणाल्या, चपला घ्यायला गेले तेव्हा. खरेदीसाहेबांनी भावाकडे पाहिलं. भाऊ पायातल्या आपल्या बुटांकडे पाहत होता.

"म्हणजे हा सगळ्यात स्वस्तच आहे," खरेदीसाहेब म्हणाले.

"आहे."

"पहिल्या दिवसापासून."

"पहिल्या दिवसापासून," बाई म्हणाल्या. मग त्यांनी जोडलं, "बेअरिंग तुमची बिघडली होती. डोळा माझा आहे."

काउंटरवरच्या मुलीने हे ऐकलं नाही असं दाखवत रबरबँड मोजले. खरेदीसाहेबांनी बिल उलटून मागची बाजू पाहिली. मग त्यांनी तिला विचारलं, की आज सकाळी जी पहिली बाई झाली, तिची पट्टी कधी काढणार? मुलगी म्हणाली, उद्या सकाळी. तिला दिसलं की नाही ते उद्या कळेल? हो, उद्या. खरेदीसाहेब म्हणाले, म्हणजे नमुना उद्या मिळेल. भाऊ म्हणाला, भाऊजी. फक्त तेवढंच म्हणाला.

आतून नर्सने बाईंच्या दंडाला धरून त्यांना उठवलं. बाईंनी सही झाली का असं विचारलं नाही. स्लीपर काढून दाराशी एकावर एक न ठेवता शेजारी शेजारी ठेवल्या, जशा त्या घरी ठेवतात, आणि आत गेल्या. ऑपरेशनच्या खोलीचं दार नर्सने लावून घेतलं.

पावणेअकरा वाजता खरेदीसाहेबांच्या हातात पेन पुन्हा आलेलं आहे. कागद काउंटरवर त्यांच्यासमोर आहे आणि त्यांचा डावा हात त्या दोन स्लीपरांकडे बोट करून भावाला काहीतरी सांगतो आहे. बहुधा त्या उचलून ठेवायला. भावाने त्या उचललेल्या नाहीत. सोमवार नसतानाही, खाली रस्त्यापलीकडे काचेच्या दवाखान्यासमोर शिडी लागली आहे आणि एक माणूस हातात एक आकडा घेऊन वर चढतो आहे. तो कोणता, हे इथून दिसत नाही. कागदावर दुसरी सही अजून झालेली नाही.